चूक इवलीशी, शब्द कोणता?

परदेशातील एका ग्रंथालयाच्या सूचीत एका जुन्या मराठी पुस्तकाच्या नावातले ‘कीर्तन’ रोमन लिपीत ‘कर्तन’ झालेले मला दिसले. हरदासबुवा थेट केशकर्तनालयात! मी मोठ्या हौसेने कळवले : ‘यू हॅव डन अ फनी ब्लंडर.’ उत्तरादाखल सूचिकाराचे लांबलचक माफीपत्र आले. मला हसू वाटून घ्यायचे होते. पोचला तो ठपका. माझे वाक्य कुठे बिघडले, याचा मग मी शोध घेतला.

पहिला दोष क्रियापदाचा. मराठीत चूक ‘करतात’, म्हणून आपल्या लेखणीतून ‘डू’ उतरते. इंग्रजीत चूक ‘मेक’ करतात. ही निव्वळ रूढी. नामाची निवड अधिक नाजूक. ‘ब्लंडर’चा जुना अर्थ आंधळ्यासारखे धडपडत चालणे, आज तो निष्काळजीपणाने झालेल्या ढोबळ चुकीला लागतो. ‘फनी’त गंमत आहे, तसा विचित्रपणाही. ‘सिली मिस्टेक’ आपल्याकडे हातचा विसरल्याने गेलेल्या गुणांसाठी सर्रास चालते. परक्याला त्यात मूर्खपणाचा शेरा दिसू शकतो.

इतर शब्दांची घरे ठरलेली आहेत. ‘हाउलर’ उत्तरपत्रिकेतल्या हास्यास्पद चुकीचा; ‘ब्लूपर’ अमेरिकी, कॅमेऱ्यापुढच्या वा ध्वनिक्षेपकापुढच्या फजितीचा. ‘मालाप्रॉपिझम’ म्हणजे उच्चारसाम्यामुळे भलताच शब्द वापरणे. हे नाव शेरिडनच्या १७७५ मधील ‘द रायव्हल्स’ नाटकातल्या मिसेस मालाप्रॉपवरून आले.

मला हवा होता ‘स्लिप’. पाय घसरावा तशी लेखणी घसरते. त्यात हेतू नाही, अज्ञानही नाही. लॅटिनमध्ये हीच कल्पना ‘लॅप्सस कॅलमी’ अशी आहे. त्यातला ‘कॅलमस’ म्हणजे बोरू, आपल्या ‘कलम’चा दूरचा नातलग. पण मराठीत ‘जीभ घसरली’ म्हटले, की वावगे बोलल्याचा आरोप होतो. म्हणजे शब्दशः भाषांतर इथेही दगा देते.

आज मी लिहीन : ‘अ स्मॉल स्लिप हिअर मेड मी स्माइल.’ यात ‘यू’ नाही, चुकीला हिणवणारे विशेषण नाही. हसू माझ्या पदरी. मराठीनेही ही सोय पूर्वीच केली आहे. छपाईतली चूक आपण मुद्राराक्षसाच्या माथी मारतो आणि जुळाऱ्याला मोकळे सोडतो.