अंबाजोगाई : संध्याकाळची पायी फेरी

ऊन उतरलं की निघावं. बीड जिल्ह्यातलं हे जुनं गाव मोटारीतून कळत नाही.

■ हत्तीखाना (शिवलेणी) : सुरुवात इथूनच, अंधारात लेण्यांत काही दिसत नाही. खडकात कोरलेलं प्रशस्त अंगण, त्यात नंदीमंडप आणि दगडी हत्ती. दंतकथा सांगते : परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं योगेश्वरीचं लग्न मुहूर्त टळल्यानं मोडलं आणि वऱ्हाड जागीच दगड झालं.

■ योगेश्वरी मंदिर : कुमारिका मानलेली ही देवी अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. मार्गशीर्षातल्या उत्सवात गर्दी फार. निवांत दर्शन हवं तर तो टाळा.

■ दासोपंतांची समाधी : या संतकवीचा काळ १५५१ ते १६१५. कागदाऐवजी कापडावर लिहिलेली त्यांची ‘पासोडी’ सुमारे ४० फूट लांब आहे.

■ मुकुंदराज समाधी : मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ परंपरेनं शके १११० (इ.स. ११८८) मधला. समाधी गावाबाहेर दरीत आहे. तिथं दुसऱ्या दिवशी उजेडात जावं.

■ अलीकडचा इतिहास : निजामाच्या राजवटीत हे मोमिनाबाद. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी इथं शिक्षक म्हणून काम केलं. इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे.