काकांच्या ट्रंकेतली हँडबिलं

रत्नागिरीकडच्या जुन्या घरात माळ्यावर एक तरी पत्र्याची ट्रंक असतेच. वर रेशनकार्डं, लग्नपत्रिका, विजेची बिलं, आणि तळाशी कुणा काकांनी सुतळीने बांधून ठेवलेला गठ्ठा. त्यात नाटकांची हँडबिलं, संगीत नाटकांच्या पदांची पुस्तकं, सिनेमाच्या गाण्यांची चार-आठ पानी बुकलेटं, एखाददुसरी स्मरणिका. घरातलं एक माणूस म्हणतं, रद्दीत घाला. दुसरं मोबाइलवर बघून सांगतं, असल्या एका बुकलेटाचे हजारो रुपये मागतायत! घाई दोघांनाही झालेली असते. आपण जरा बेताने घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे पावसाळ्यात हा गठ्ठा सोडू नये. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कागद हवेतलं पाणी पिऊन मऊ पडतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढली की शाईसकट सुटतात. दसरा होऊ द्या. कोरड्या दिवशी जमिनीवर धुतलेली चादर अंथरा आणि पंखा बंद करा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोज्यांची गरज नाही. मोज्यात बोटांना पानाची कड कळत नाही आणि ती फाटते.

सुतळी सोडण्याआधी गठ्ठ्याचा फोटो काढा आणि मग एकेक कागद उचलताना त्याच क्रमाने काढत जा. बहुतेकजण इथेच चुकतात. मोठे एकीकडे, छोटे दुसरीकडे, फाटके तिसरीकडे असा नीटनेटकेपणा लगेच सुरू होतो. पण काकांनी एका दौऱ्यात पाहिलेली तीन नाटकं एकत्र ठेवलेली असतील, तर त्यांतल्या एकावरची तारीख बाकी दोघांनाही उपयोगी पडते. क्रम मोडला की तो धागा तुटतो.

आता हातात काय आहे ते ओळखू. हँडबिल म्हणजे खेळाची एकपानी जाहिरात. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या स्वस्त कागदावर छापलेली, बाजारात फुकट वाटलेली. पदांचं पुस्तक ही वेगळी चीज. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये आणि ‘सौभद्र’ १८८२ मध्ये आलं, आणि मराठी माणूस नाटक ऐकायला जाऊ लागला. ऐकणाऱ्याला शब्द हवेत, म्हणून निव्वळ पदांची पुस्तकं निघाली आणि थिएटरात विकली गेली. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि पुष्कळदा ‘चाल’ दिलेली असते, म्हणजे हे पद कोणत्या आधीच्या गाण्याच्या वळणावर बसवलं आहे ते. संगीताचा अभ्यासक आधी तिकडेच बघतो. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट आला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि हीच रीत सिनेमाने उचलली. बुकलेटात थोडक्यात कथा, नटांची नावं आणि गाणी. कथा मात्र ऐन मोक्यावर सोडून दिलेली असते, पुढचं ‘पडद्यावर पाहा’. स्मरणिका म्हणजे महोत्सवाचा किंवा संस्थेच्या वर्धापनदिनाचा जाहिरातींनी भरलेला अंक.

काका हयात असतील तर पुढची पायरी त्यांच्याजवळ बसण्याची. सगळी ट्रंक त्यांच्यापुढे ओतू नका, माणूस गोंधळतो. एकच कागद हातात द्या, मोबाइलवर आवाज टिपायला लावा आणि गप्प बसा. खेळ कुठे झाला, मांडव की थिएटर, कुणाबरोबर गेले होते, ऐनवेळी नट बदलला होता का. हँडबिलावर छापलेला नट त्या रात्री उभा राहिलाच असं नसतं, आणि ते छापील कागद सांगत नाही. कळलेलं सारं वहीत उतरवा. कागदावरच नोंद करायची तर मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेन नको.

आता तारीख. मला यात सर्वांत जास्त मजा येते. हँडबिलावर वार असतो, तारीख असते, वेळ ‘रात्रौ ९॥ वाजता’ अशी ठसठशीत असते, फक्त सन नसतो. छापणाऱ्याला काय, पुढच्या आठवड्यात तो कागद मरणारच होता. मग आपण खुणा शोधायच्या.

दर आण्यांत असेल तर कागद बहुधा १९५७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. (आणे तोंडातून जायला आणखी काही वर्षं लागली, म्हणून ‘बहुधा’.) ‘नवे पैसे’ असं छापलं असेल तर १९५७ ते १९६४, पुढे ‘नवे’ गळालं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवा, पाडव्याच्या आधीचे तीन महिने असतील तर ७९. आणि आपल्या भागाची खास खूण म्हणजे मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, कणकवली यांच्यापुढे ‘जि. रत्नागिरी’ असेल तर कागद १ मे १९८१ च्या आधीचा. त्या दिवशी सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला.

एक उदाहरण करून बघू. माझ्याकडच्या एका फिकट गुलाबी हँडबिलावर ‘रविवार ता. १४ मे’ आहे, खाली ‘मालवण, जि. रत्नागिरी’, आणि दर ‘५० नवे पैसे’. १४ मे रविवारी कधी आला? १९४४, १९५०, १९६१, १९६७, १९७२, १९७८. मोबाइलमधलं कॅलेंडर मागे सरकवलं की ही यादी पाच मिनिटांत मिळते, कारण तारीख-वाराची जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी परत येते. मालवणवरून फक्त १९८१ च्या आधीचा एवढंच कळतं, सहाही वर्षं शिल्लक राहतात. ‘नवे पैसे’ लावले की एकच उरतं, १९६१. मे महिना म्हणजे चाकरमानी गावी आलेले, हे जाता जाता.

यानंतर अस्सल की नक्कल. नावाजलेल्या सिनेमांच्या बुकलेटांच्या आता रंगीत नकला निघतात, आणि विकणारा प्रत्येकजण ते सांगतोच असं नाही. जुनी छपाई खिळ्यांची, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून ट्रेडल मशीनवर दाबलेली. कागद उलटा करून डोळे मिटून बोट फिरवा, अक्षरांचा उठाव लागतो. भिंगाखाली अक्षराच्या कडेला शाईची जराशी गडद किनार दिसते, कारण दाबाने शाई बाहेर सरकलेली असते. कॉम्प्युटरच्या छपाईत पाठ सपाट आणि कडा फवारल्यासारख्या. पुस्तकाच्या शेवटी ‘हे पुस्तक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले’ ही ओळ बघा. १८६७ च्या कायद्याने छापणाऱ्याचं नाव-गाव देणं भाग होतं. नक्कल करणारा पुष्कळदा मुखपृष्ठ सुरेख करतो आणि ही ओळ कापतो. मात्र ऑफसेट छपाईत, विशेषतः साठोत्तरी रंगीत मुखपृष्ठांवर, उठाव लागत नाही. तेवढ्यावरून अस्सल कागद खोटा ठरवू नये. आतली पानं तपासावीत.

जपण्याच्या बाबतीत आधी काय करू नये ते सांगतो, कारण ते मी करून बसलो आहे. एक जीर्ण पदांचं पुस्तक मी कौतुकाने लॅमिनेट करून आणलं. दुकानदाराने चांगलं गरम रूळ फिरवून दिलं. दोन पावसाळ्यांत आत तपकिरी डाग धरले, आणि आता ते प्लॅस्टिक सोडवू गेलं तर पुस्तकही सुटेल. चिकटपट्टीचंही तसंच. पट्टी गळून पडते, तिचा पिवळा चिकटा कायमचा राहतो.

टाचण्या आणि स्टेपल आपल्या खाऱ्या हवेत सर्वांत आधी गंजतात. ओढून काढू नका. पान मोडेल. आतल्या बाजूने पिनेचे दोन्ही पाय बोथट सुरीने हळूच सरळ करा, मग बाहेरून उचला आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवा. कागद अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे ज्यात आम्ल उरू दिलेलं नाही, अशा कागदाच्या घडीत ठेवा, कारण स्वस्त कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून तडकतो. प्लॅस्टिकचं पाकीट घ्यायचंच तर पॉलिएस्टरचं. नव्या रेनकोटासारखा वास मारणारं पीव्हीसीचं नको, ते चिकट होतं आणि शाई ओढून घेतं. पाकिटाची एक बाजू उघडी राहू द्या, नाहीतर आत अडकलेल्या दमटपणाने बुरशी धरते.

कसर लागली असेल, म्हणजे पानांना वेडीवाकडी खरवड किंवा बारीक भोकं दिसत असतील, तर गठ्ठा हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी धरेल. आमच्या घरी आमरसाच्या डब्यांशेजारी एक ‘मानापमान’ पंधरा दिवस राहिलं, आणि त्यावरून जे काही ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. डांबरगोळ्या कागदाला लागतील अशा टाकू नका. पत्र्याची ट्रंकही बदला. पत्र्याला आतून घाम येतो. बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेलं लाकडी कपाट बरं.

आता ज्यासाठी पुष्कळजण इथवर वाचत आले असतील ते, म्हणजे पैसे.

हा बाजार पूर्वी अंतरावर चालायचा. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जो वेळेवर पोचेल त्याला माल मिळे, आणि रत्नागिरीतल्या माणसाला मिळालेली वस्तू दुर्मीळच वाटे. आता सगळं फेसबुकच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर दिसतं. एकच बुकलेट चौघांकडे आहे हे लगेच कळतं. त्यात संग्राहकांची वयं झाली. मुलांना जागा अडते, म्हणून संग्रह बाहेर येतायत. गिऱ्हाईक मात्र तेवढं वाढलं नाही. नव्या मुलांच्या हाती हा छंद लागावा कुठून? कॅसेट आल्या तसं गाण्याचं बुकलेट सरलं, तिकीट मोबाइलवर आलं. खेळ बघून घरी नेण्यासारखं काही उरत नाही.

ही गत आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या सामन्याला छापील माहितीपुस्तिका विकायची जुनी चाल, आणि ती जमवणारे छंदी हजारो. तिथेही वयं झाली. २०१८ मध्ये प्रीमियर लीगखालच्या तीन विभागांच्या क्लबांनी ठराव केला की दर सामन्याला पुस्तिका काढणं यापुढे सक्तीचं नाही. आणि त्याच छंदात १८८२ च्या एफए कप अंतिम सामन्याची पुस्तिका २०१३ मध्ये लिलावात ३५,२५० पौंडांना गेली. मधलं विरघळतं आणि टोकाचं चढतं. आपल्या हँडबिलांचंही तेच चाललं आहे.

म्हणून मोबाइलवर दिसलेली किंमत ही मागितलेली असते, मिळालेली नसते, हे आधी ध्यानात घ्या. तीन-तीन वर्षं तीच वस्तू त्याच किमतीला लटकलेली मी पाहिली आहे. झालेल्या विक्रीचा आकडा बघा. दोन बाजूंचं गिऱ्हाईक असलेल्या वस्तूला भाव येतो. सावरकरांच्या ‘उ:शाप’ नाटकाचं, म्हणजे १९२७ चं, रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतल्या काळातलं मूळ पुस्तक नाटकवाल्यालाही हवं आणि सावरकरांवर जमवणाऱ्यालाही. १९५३ च्या ‘श्यामची आई’चं बुकलेट सिनेमावाल्याला हवं आणि साने गुरुजींच्या पालगडच्या माणसालाही.

विकताना होणारी मोठी चूक म्हणजे व्यापाऱ्याला गठ्ठा ‘निवडून घ्या’ म्हणणं. तो चारशेंतले बारा उचलतो, भाव रोख देतो, आणि उरलेल्या तीनशे अठ्ठ्याऐंशींना मग कुणी विचारत नाही. आधी यादी करा, मग ठरवा की सगळा गठ्ठा द्यायचा की सुटे विकायचे. परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचे दस्तऐवजही येतात, आणि असलं काही सरकारी परवानगीविना देशाबाहेर पाठवता येत नाही. पोस्टाने पाठवायचं ते दोन पुठ्ठ्यांमध्ये, गुंडाळी करून कधीच नाही.

द्यायचंच असेल तर सिनेमाच्या वस्तूंसाठी पुण्यात १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. नाटकाच्या वस्तूंसाठी वाचनालयं आणि विद्यापीठं यांना आधी पत्राने विचारा. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ चं आहे, तेव्हा घरापासून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र न विचारता दारात पोतं नेऊन ठेवू नये. यादीची एक प्रत सह्यांनिशी आपल्याकडे ठेवा, आणि हे स्कॅन होणार का, लोकांना बघायला मिळणार का, ते त्याच वेळी विचारून घ्या.

एवढं होऊन ट्रंकेत एक ढीग उरतोच. गावच्या हौशी मंडळांची हँडबिलं, देवळाच्या उत्सवातला खेळ, दिग्दर्शक गावचेच गुरुजी, स्त्रीपार्टी म्हणून चार पुरुषांची नावं. याला बाजार नाही. पण त्या खेळाचा दुसरा छापील पुरावाही बहुधा नाही, तेव्हा प्रत्येकाचा फोटो काढून गावाच्या नावाने साठवा आणि त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला पाठवा. मी असं एक पाठवलं. महिन्याभराने त्या चौघांतल्या एकाचा नातू दारात उभा, मूळ कागद मिळेल का म्हणून. आजोबा लुगडं नेसून उभे राहायचे हे त्याने ऐकलं होतं, छापलेलं कधी बघितलं नव्हतं. ‘किती द्यायचे?’ म्हणाला. इतकी वर्षं भाव सांगत आलो, पण त्याला काही आकडा सांगता येईना. तो मोटारसायकलला बांधून फणस घेऊन आला होता, तो ठेवून घेतला.