पोते आणि शेत : सर दोराबजी टाटांचे दान

पीक आल्यावर पोतेभर धान्य देणे हे एक दान. शेतच देऊन टाकणे हे दुसरे. सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) यांचे दान दुसऱ्या प्रकारातले. ते समजून घ्यायचे तर आधी त्यांचा धंदा पाहावा लागतो.

१९०४ साली जमशेटजी निवर्तले तेव्हा पोलादाचा कारखाना, जलविद्युत आणि बंगलोरची विज्ञानसंस्था या योजना कागदावरच होत्या. थोरल्या मुलाने त्या तडीस नेल्या. १९०७ साली पोलाद कंपनीची नोंदणी झाली. १९१२ साली साकची (पुढचे जमशेदपूर) येथे पहिले पोलाद निघाले. महायुद्धानंतर मात्र भाव कोसळले. १९२४ साली पगाराचीही भ्रांत पडली, तेव्हा दोराबजींनी सुमारे एक कोटी रुपयांची खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. पत्नी मेहेरबाईंचे दागिनेही त्यात होते. (वारस बापाची कमाई उडवतात, असे आपण किती सहज म्हणतो!)

१९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. मूलबाळ नव्हते. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्या रोगाच्या संशोधनासाठी एक निधी स्थापला आणि टाटा सन्समधील आपल्या भागांसह सारी संपत्ती दुसऱ्या न्यासाच्या स्वाधीन केली. त्याच वर्षी तेही गेले. खरी मेख या भागांत आहे. रोख देणगी खर्चली की संपते. भागांवर कंपनीला नफा होईल तसा लाभांश मिळत राहतो. या न्यासाने १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे विद्यालय आणि १९४१ साली परळचे कर्करोग रुग्णालय उभे केले. आज टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग टाटा न्यासांकडे आहेत. म्हणजे कंपनीचा मोठा मालक धर्मादायच!

पण याच वहीत आणखी एक पान आहे. दोराबजींच्याच कारकिर्दीत टाटांच्या वीज कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले. १९२१ साली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. सत्याग्रह मोडला, भातखाचरे पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. ही शेतेही गेलीच. पण ती कोणी दान केली नव्हती. परळच्या रुग्णालयाने ते नुकसान भरून निघत नाही, आणि मुळशीमुळे रुग्णालयाचे मोलही उणे होत नाही, असे मला वाटते. दोन्ही पाने एकत्र वाचावी लागतात. मुळशीचे पाणी अजूनही भिऱ्याला उतरून वीज निर्माण करते.