पांढरी प्रिम्युला: थंडी सोसते, ओल नाही

आल्प्समधल्या प्रिम्युला म्हटलं की जांभळा-गुलाबी रंग डोळ्यांपुढे येतो. आज बोलायचंय ते पांढऱ्या फुलांच्या झाडांबद्दल, त्यातही प्रिम्युला मार्जिनाटाबद्दल. फ्रान्स-इटलीच्या सरहद्दीवरच्या डोंगरांत ही खडकांच्या भेगांमध्ये वाढते. पानांच्या दातेरी कडांना पिठासारखी भुकटी असते. फूल एरवी निळसर जांभळं, पांढरं क्वचित.

ब्रिटनमधल्या रॉक गार्डनमध्ये ही झाडं मरतात, ती थंडीनं नव्हे. डोंगरावर हिवाळाभर ती बर्फाखाली किंवा कड्याच्या आडोशाला बऱ्यापैकी कोरडी असतात. इंग्लंडात मात्र पारा शून्याच्या जरा वर आणि पावसाची रिपरिप. गाभ्यात पाणी साचतं, बुरशी धरते, आणि फेब्रुवारीत हात लावावा तर अख्खा पानांचा गुच्छ हातात येतो! म्हणून सपाट वाफ्यात लावूच नका. दगड रचतानाच दोन दगडांमधल्या उभ्या फटीत मुळं आडवी पसरून बसवा. मागाहून कोंबायला गेलात तर मुळं तुटतात. मातीत निम्मी तरी बारीक खडी हवी, बुंध्याभोवतीही खडीच. दुपारचं ऊन टळेल अशी बाजू निवडा.

आता तुम्ही म्हणाल, झाड गेलं तर बी आहेच की. तिथेच खरी गोम आहे. प्रिम्युलाच्या फुलांचे दोन प्रकार असतात: काहींत कुक्षी वर नि पुंकेसर खाली, काहींत उलट. एका झाडावर एकच प्रकार. डार्विननं 1862 मध्ये दाखवून दिलं, की बी चांगलं धरायला दुसऱ्या प्रकारचे परागकण लागतात. तुमच्याकडे एकाच पांढऱ्या झाडाची रोपं असतील, तर ती सगळी एकाच प्रकारची. मग परागकण येणार शेजारच्या जांभळ्या झाडाचे, आणि रोपं निघणार बहुतेक रंगीतच.

म्हणजे पांढरा रंग टिकतो तो छाट कलमांवर. फुलोरा संपला की बोटभर देठासकट एखादा गुच्छ कापायचा, खालची पानं काढायची आणि ओलसर वाळूत, सावलीत खोचायचा. मूळ धरलं की एक कुंडी काचेच्या आडोशाला ठेवाच. आणि हो, कुंडी बदलताना मुळं नीट बघा: तपकिरी डोक्याच्या, वाकड्या पांढुरक्या अळ्या दिसल्या तर तिथल्या तिथे वेचून टाका. त्या मुळं खातात, आणि वरून पान सुकेपर्यंत पत्ता लागत नाही.