'व्हिसा आलाय' असा मेसेज आला? थांबा, आधी तो कसला आहे ते बघा

"भाऊ, व्हिसा आलाय. परवा फ्लाइट. बाकीचे पैसे टाका."

आखाती देशातल्या नोकरीची गोष्ट बऱ्याचदा अशीच सुरू होते. पूर्वी रत्नागिरी-रायगडच्या गावांत ओळखीचा माणूस हे सांगायचा, आता इन्स्टाग्राम-टेलिग्रामवरचा अनोळखी माणूस सांगतो. पीडीएफ येते. त्यावर फोटो, नाव, पासपोर्ट नंबर सगळं बरोबर असतं. अनेकदा व्हिसा खराही असतो, फक्त तो नोकरीचा नसतो.

दुबईचंच घ्या. यूएईचा व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसा साधारण 30 किंवा 60 दिवसांचा मिळतो. त्यावर फिरता येतं, नातेवाइकांकडे राहता येतं, पण काम करता येत नाही. मुदत संपली की दिवसाला 50 दिरहम दंड.

नोकरीचा रस्ता वेगळा आहे. आधी कंपनीचं ऑफर लेटर येतं, त्यावर तुम्ही सही करता. मग कंपनी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडून वर्क परमिट काढते आणि त्यानंतर तुमच्या नावाचं एम्प्लॉयमेंट एंट्री परमिट निघतं. ते घेऊन तुम्ही उतरता, मग मेडिकल, एमिरेट्स आयडी आणि रेसिडेन्सी. म्हणजे धावपळ कंपनीनं करायची. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाही तिथल्या कायद्यात बंदी आहे.

मग एजंट म्हणतो, "आधी व्हिजिटवर जा, तिकडे बदलून देतो." यूएईत असा बदल होऊ शकतो, म्हणून तर लोक विश्वास ठेवतात. पण बदल करायला तुम्हाला कामावर घेणारी कंपनी लागते. ती नसेल तर तुम्ही, संपत आलेली मुदत आणि फोन न उचलणारा एजंट, एवढंच उरतं.

आता आपल्याकडचं बघू. दहावी पास नसलेल्यांना सहसा ईसीआर पासपोर्ट मिळतो. असा पासपोर्ट असेल तर यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया अशा 18 देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवरून मिळते. तेव्हा कंपनी आणि करार तपासला जातो आणि 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये. पण फिरायला जाणाऱ्याला ही क्लिअरन्स लागत नाही. एजंट लोक व्हिजिट व्हिसाचा हट्ट का धरतात, ते आता लक्षात आलं असेल.

हा प्रकार फक्त कमी शिकलेल्यांच्या बाबतीत होतो असंही नाही. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी आहे, असं सांगून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. मार्च 2025 मध्ये भारतानं तिथून सुटलेल्या शेकडो लोकांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. भारतीयांना थायलंडमध्ये पर्यटनासाठी व्हिसाशिवाय जाता येत होतं. नोकरीला मात्र वेगळा व्हिसा लागतोच.

त्यामुळे पैसे टाकण्याआधी पीडीएफवर 'एम्प्लॉयमेंट' लिहिलंय की 'टुरिस्ट', ते वाचा. भारतातून परदेशी भरती करणाऱ्या एजंटला 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेटच्या यादीत स्वतः शोधा. "आमच्या मुंबईच्या ऑफिसचं लायसन्स आहे" असं कुणी म्हणालं, तरी शोधा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. दीड-दोन लाख कॅश मागणारा या हिशोबात कुठेच बसत नाही.

शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल-फ्री नंबर आहे: 1800 11 3090. फोन फ्लाइटच्या आदल्या रात्री नाही, पहिला हप्ता द्यायच्या आधी करा.