पत्र यायच्या आधीचा एक दिवस

ओरेगनमधल्या ऑरोरा विमानतळावर हिवाळ्यात सकाळी सातला धुकं असतं. विलामेट खोऱ्यातलं धुकं घाई केल्यानं उठत नाही. तोवर मी हँगरमध्ये हवामान बघतो, आज येणाऱ्या विमानाची वार्षिक तपासणी कधी झाली ते विचारून ठेवतो आणि कॉफी करतो.

आठला विद्यार्थी येतो. विद्यार्थी म्हणायचं, पण वयानं माझ्याहून मोठा. वर्षानुवर्षं सेस्ना 172 चालवलेली. आता त्यानं आरव्ही-7 विकत घेतलं आहे. आरव्ही विमानांचे किट बनवणारी व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी याच विमानतळावर आहे. तिचे किट घेऊन लोक आपापल्या गॅरेजमध्ये विमानं बांधतात आणि ती ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात नोंदवली जातात. हे विमान मात्र त्यानं बांधलेलं नाही, दुसऱ्या कुणीतरी बांधलेलं आहे. कोणता स्विच कुठे आणि का, हे बांधणाऱ्याला जसं ठाऊक असतं तसं याला नाही. म्हणून पहिला तास आम्ही जमिनीवरच, इंजिन बंद ठेवून, डोळे मिटून हात लावण्यात घालवतो. इंधनाचा व्हॉल्व्ह. फ्लॅप. मिक्श्चर.

साडेनऊला धुकं फाटतं, पूर्वेला माउंट हूड दिसतो आणि आम्ही उडतो.

चार हजार फुटांवर मी त्याला वेग कमी करायला सांगतो. आरव्हीची स्टिक फार हलकी असते. सेस्नाच्या सवयीनं जोर लावला की नाक भलतीकडे जातं. स्टॉल, म्हणजे वेग कमी होऊन पंखांचा आधार सुटायची वेळ, जवळ आला की सेस्ना थरथरून बराच आधी सांगते. हे विमान फार थोडं सांगतं, आणि ते थोडं ओळखायला हाताला शिकवावं लागतं. मग थ्रॉटल पूर्ण मागे. इथे त्याचा चेहरा बदलतो, कारण छोट्या पंखांचं हे विमान त्याला वाटलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर खाली येतं. पुन्हा वर जातो, पुन्हा करतो. इंजिन बंद पडल्याचा सराव तर तो कंटाळेपर्यंत करून घेतो.

या सरावासाठी मी हट्टी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं 2012 मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास केला. खासगी व हौशी विमानांत ही जेमतेम 10 टक्के, पण 2011 च्या एकूण अपघातांत सुमारे 15 टक्के आणि जीवघेण्या अपघातांत 21 टक्के. जुनं विमान घेतलेल्या नव्या मालकाचं पहिलंच उड्डाण अपघातात संपल्याची उदाहरणंही त्यात होती.

साडेअकराला उतरतो. आजच्या शिकवणीसाठी मला कुठलंही खास पत्र लागलं नाही, कारण विमान त्याचं होतं. जुलै 2021 पासून काही काळ मात्र मालकाला स्वतःच्या एक्सपेरिमेंटल विमानात पैसे देऊन शिकायलासुद्धा फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनचं, म्हणजे एफएएचं, नियमातून सवलत देणारं पत्र लागू लागलं होतं. एका जुन्या लढाऊ विमानात पैसे घेऊन शिकवण्यावरून झालेल्या खटल्यातून ते उद्भवलं. डिसेंबर 2022 च्या कायद्यानं ती अट काढली, हे योग्यच झालं.

जेवताना विद्यार्थी विचारतो, तुमच्या देशात असं कुणी बांधतं का? मी कॅप्टन अमोल यादव यांचं सांगतो. कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान. 2017 मध्ये नोंदणी, उडण्याचा परवाना 2019 मध्ये. तो बराच वेळ गच्चीबद्दलच प्रश्न विचारत राहतो.

दोन वाजता फोन येतो, आणि दिवसाचं खरं काम सुरू होतं. पलीकडचा माणूस म्हणतो, माझं आरव्ही-7 तयार आहे, पुढच्या महिन्यात पहिलं उड्डाण. शिकवाल का?

याची अडचण सकाळच्या माणसापेक्षा मोठी आहे. त्याचं विमान अजून उडालेलंच नाही, म्हणजे त्यात शिकता येणार नाही. त्याला दुसऱ्याचं आरव्ही हवं. माझं आहे. पण एक्सपेरिमेंटल विमानात पैसे घेऊन माणूस नेता येत नाही, हा मूळ नियम आहे, आणि विमान व शिकवणी दोन्ही मीच देणार असेन तर ते पत्र हवंच. मला हा नियम पटतो. सकाळच्या माणसानं आपल्या विमानाची जोखीम स्वतः निवडली होती. माझ्या विमानात बसणारा माझ्या देखभालीवर विसंबतो.

त्या पत्रासाठीचा माझा अर्ज अर्धा लिहून झालेला आहे. शिकवणी सुरू करायच्या किमान 60 दिवस आधी तो पोचायला हवा. कोणतं विमान, कुणाला शिकवणार, काय शिकवणार, आणि सुरक्षिततेत उणेपणा कसा येऊ देणार नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मी पाचपर्यंत बसतो. ‘पुरेसा अनुभव’ असं लिहिलेलं खोडून प्रत्येक धड्याला उंचीची आणि वाऱ्याची मर्यादा घालतो. उद्या हा अर्ज एफएएच्या हिल्सबरो कार्यालयात जाईल.

60 दिवस त्याच्याजवळ नाहीत. सहाला मी त्याला परत फोन करतो, ज्यांच्याकडे असं पत्र आहे अशा एका प्रशिक्षकाचा नंबर देतो, आणि त्यांच्याकडे शिकून होईपर्यंत पहिलं उड्डाण पुढे ढकलायला सांगतो. तो थोडा वेळ गप्प राहतो, मग विचारतो, ते शनिवारी उडवतात का?