जुन्या धनुष्याला दोरी कोणती?

बालमित्रांनो, परवा कळंबला आमच्या वर्गातला एक मुलगा काकांचं जुनं लाकडी रिकर्व्ह धनुष्य घेऊन आला. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. दोरी पार झिजलेली.

"गुरुजी, याला सगळ्यात मजबूत दोरी घेऊ?"

"थांब बाळा, घाई नको!"

सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्ह धनुष्यानेच खेळले. अशा स्पर्धांतल्या नव्या धनुष्यांची दोरी फारशी ताणत नाही, म्हणून बाण वेगात सुटतो. पण बाण सुटताच ती गचकन थांबते आणि हिसका बसतो धनुष्याच्या टोकांना! नवी टोकं तो सोसतात. जुनी मात्र तडकू शकतात. तुकडा डोळ्यात गेला तर?

म्हणून जुन्या धनुष्याला डेक्रॉनची दोरी बरी. ती किंचित ताणते आणि बराचसा हिसका स्वतःच गिळते.

आता माप. बहुतेक धनुष्यांवर लांबी लिहिलेली असते. त्यातून ४ इंच वजा करा. ६६ इंची धनुष्याला साधारण ६२ इंची दोरी. दुकानात मात्र धनुष्याची लांबीही सांगा, म्हणजे घोटाळा होणार नाही.

पालकहो, दोरी चढवण्याआधी धनुष्याला कुठे चीर नाही ना, हे तुम्हीच तपासा. आणि मुलांनो, बाण न लावता दोरी ओढून कधीच सोडू नका. तो हिसका सगळ्यात वाईट!

मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे गुरुजी, म्हाताऱ्या धनुष्याला समजूतदार दोरी!"

अगदी बरोबर!